पार्थपूरचा कुट्टक: गोदाकाठच्या एका गणिती रीतीचा इतिहास

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गाव संस्कृत ज्योतिषग्रंथांत पार्थपूर या नावाने येते, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात ही ओळख नोंदविल्यापासून ती अभ्यासकांत सर्वसामान्यपणे मानली जाते. गोदावरीच्या उत्तरेस वसलेल्या या गावी नागनाथाचा पुत्र ज्ञानराज याने शके १४२५ मध्ये, म्हणजे इ.स. १५०३ मध्ये, ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास, ज्याला सूर्यपंडित असेही म्हणतात, याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ आणि ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ अशा दोन टीका लिहिल्या. आणि ज्ञानराजाचाच शिष्य धुंडिराज याचा ‘जातकाभरण’ हा फलज्योतिषाचा ग्रंथ पुढे देशभर वाचला गेला. मराठवाड्याचा इतिहास सांगताना संतांची आणि सत्तांची नावे आवर्जून येतात, या घराण्याचे नाव मात्र क्वचितच येते. दोन संख्यांचा सर्वांत मोठा सामाईक विभाजक, म्हणजे आजच्या शालेय भाषेतील मसावि, काढण्याची जी रीत जगभर युक्लिडच्या नावाने ओळखली जाते, तिच्या भारतीय रूपाची राखण आणि उकल ज्या थोड्या ठिकाणी झाली, त्यांत पाथरीचा समावेश करावा लागतो.

युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास रचलेल्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या सातव्या खंडाच्या आरंभीच ही रीत दिली आहे. तिचे सार असे, की दोन संख्यांपैकी मोठीतून लहान जितक्या वेळा वजा करता येईल तितक्या वेळा वजा करावी, उरलेल्या बाकीने मग लहान संख्येला तसेच वागवावे, आणि हा क्रम बाकी शून्य होईपर्यंत चालवावा. शून्यापूर्वीची शेवटची बाकी हाच दोहोंचा सर्वांत मोठा सामाईक विभाजक होय. या रीतीची खरी ताकद अशी, की तिला दोन्ही संख्यांचे मूळ अवयव माहीत असावे लागत नाहीत. दहा-बारा अंकी संख्येचे अवयव पाडणे हे अतिशय कष्टाचे काम असते, परंतु भागाकाराच्या मोजक्या पायऱ्यांत तिचा दुसऱ्या संख्येशी असलेला सामाईक विभाजक हाती येतो.

भारतात हीच परस्पर भागाकाराची क्रिया आर्यभटाच्या इ.स. ४९९ मधील ‘आर्यभटीया’त, गणितपादाच्या शेवटच्या दोन श्लोकांत आढळते, परंतु तिचा हेतू वेगळा आहे. आर्यभटाला सामाईक विभाजक हे उत्तर म्हणून नको होते. त्याला असा अज्ञात पूर्णांक हवा होता, ज्याला एका दिलेल्या संख्येने भागले असता एक ठरावीक बाकी उरते आणि दुसऱ्या संख्येने भागले असता दुसरी ठरावीक बाकी उरते. या गणिताला पुढे कुट्टक हे नाव पडले. कुट्टक म्हणजे कुटणारा, कारण या रीतीत मोठ्या संख्या भागाकारांनी कुटून कुटून लहान केल्या जातात. आर्यभटाची सूत्ररूप रचना इतकी आखूड आहे, की इ.स. ६२९ मध्ये, ‘लीलावती’कार भास्कराचार्यांहून वेगळ्या अशा, पहिल्या भास्कराने लिहिलेल्या भाष्यावाचून तिचा अर्थ लावणे अवघड झाले असते. हा भास्कर आर्यभटाच्या ग्रंथाला आश्मकतंत्र असेही म्हणतो, आणि अश्मक हे जनपद सामान्यतः गोदावरीच्या खोऱ्यात दाखविले जाते. एवढ्या धाग्यावरून आर्यभटाला मराठवाड्याचा ठरविण्याचा मोह आवरलेलाच बरा, परंतु त्याच्या परंपरेत गोदाकाठचे नाव इतक्या आरंभी येते ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

युक्लिडची रीत आणि कुट्टक यांतील फरक नेमका कोठे आहे, हे समजल्याशिवाय पार्थपूरच्या पंडितांनी या विषयावर इतके श्रम का घेतले हे उमगत नाही. परस्पर भागाकार करताना प्रत्येक पायरीला दोन गोष्टी हाती येतात, एक भागाकार आणि एक बाकी. युक्लिडच्या क्रियेत बाकी पुढे जाते आणि भागाकाराचे काम तेथेच संपते. कुट्टकात मात्र प्रत्येक भागाकार, ज्याला लब्धि म्हणतात, जपून एकाखाली एक मांडला जातो. या उभ्या मांडणीला वल्ली, म्हणजे वेल, असे नाव आहे. बाक्यांच्या वाटेने खाली उतरल्यावर याच वल्लीच्या आधाराने पुन्हा वर चढायचे असते, आणि चढण संपते तेथे अज्ञात संख्या मिळते. सामाईक विभाजक हा या प्रवासातला मधला मुक्काम आहे.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेले पहिलेच उदाहरण घेतले तर ही गोष्ट स्पष्ट होते. प्रश्न असा, की २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळविले असता येणाऱ्या बेरजेला १९५ ने निःशेष भाग जाईल? यातील २२१ हा भाज्य, १९५ हा हार आणि ६५ हा क्षेप. शोधायचा तो गुण, आणि शेवटी येणारा भागाकार ती लब्धि. प्रथम भाज्य आणि हार यांचा परस्पर भागाकार करावा: २२१ ला १९५ ने भागल्यास बाकी २६ उरते, १९५ ला २६ ने भागल्यास बाकी १३ उरते, आणि २६ ला १३ ने निःशेष भाग जातो. म्हणून १३ हा दोहोंचा अपवर्तांक, म्हणजे सर्वांत मोठा सामाईक विभाजक ठरला. आता भाज्य, हार आणि क्षेप या तिघांनाही १३ ने भागल्यास १७, १५ आणि ५ या संख्या मिळतात. ज्यांच्यात सामाईक विभाजक उरलेला नाही, अशा भाज्य-हारांना दृढ म्हणतात. भास्कराचार्य येथे एक महत्त्वाची अट सांगतात, की अपवर्तांकाने भाज्य आणि हार यांना भाग जात असेल पण क्षेपाला जात नसेल, तर तो प्रश्नच दुष्ट, म्हणजे चुकीचा मांडलेला समजावा. याचा अर्थ अपवर्तांक हा केवळ संख्या लहान करण्याच्या सोयीचा नाही, तर प्रश्नाला उत्तर आहे किंवा नाही याचा निवाडाही तोच देतो.

पुढची क्रिया वल्लीची. १७ ला १५ ने भागल्यास लब्धि १ आणि बाकी २, १५ ला २ ने भागल्यास लब्धि ७ आणि बाकी १. बाकी १ आली की थांबावे आणि १, ७ या लब्धींखाली क्षेप ५ व त्याखाली शून्य मांडावे. आता तळापासून वर जाताना शेवटून दुसऱ्या संख्येने तिच्या वरच्या संख्येला गुणून त्यात सर्वांत खालची मिळवावी: ७ गुणिले ५ अधिक शून्य म्हणजे ३५, आणि मग १ गुणिले ३५ अधिक ५ म्हणजे ४०. यांपैकी ४० ला दृढ भाज्य १७ ने भागल्यावर उरणारी बाकी ६ ही लब्धि, आणि ३५ ला दृढ हार १५ ने भागल्यावर उरणारी बाकी ५ हा गुण. पडताळा घेतल्यास २२१ गुणिले ५ अधिक ६५ म्हणजे ११७०, आणि त्याला १९५ ने भागल्यास बरोबर ६ येतात. लब्धींची संख्या सम असेल तर उत्तर असे थेट मिळते, विषम असेल तर आलेल्या संख्या आपापल्या दृढ भाज्य-हारांतून वजा कराव्या लागतात, हेही भास्कराचार्य सांगतात. ही रीत पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ती का चालते हे कळेलच असे नाही, आणि टीकाकाराचे काम तेथून सुरू होते.

ज्योतिष्यांना या गणिताची गरज पडण्याचे कारण त्यांच्या कालमापनात होते. सिद्धान्तग्रंथांत ग्रहांची गती कल्पाच्या मापाने सांगितलेली असते. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त एका कल्पाची ४,३२,००,००,००० वर्षे आणि त्यांतील सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस, १५,७७,९१,६४,५०,००० मानले आहेत. या दोन संख्यांचा परस्पर भागाकार केला तर सामाईक विभाजक १३,५०,००० निघतो, आणि त्याने भागल्यावर ३,२०० वर्षांत ११,६८,८२७ दिवस असे सुटसुटीत गुणोत्तर उरते. कल्पाच्या अवाढव्य संख्यांत दडलेले वर्षमान अशा रीतीने हाताळण्याजोगे होते. पुढे ११,६८,८२७ ला ३,२०० ने भागत गेल्यास ८२७, ७१९, १०८, ७१, ३७, ३४, ३ आणि १ या बाक्या क्रमाने येतात, तर लब्धी ३६५, ३, १, ६, १, १, १ आणि ११ अशा मिळतात. यातील पहिली लब्धि वर्षातील पूर्ण दिवसांची आहे. आणि तिच्यापुढची ३ घेऊन थांबल्यास दर तीन वर्षांनी एक, तर १ ही घेतल्यास दर चार वर्षांनी एक जादा दिवस धरण्याचे स्थूल मान मिळते. वल्लीतील प्रत्येक अंक अशा रीतीने काळाविषयी काही सांगत असतो.

यापेक्षाही कठीण प्रश्न उलट दिशेचा होता. कल्पारंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या, म्हणजे अहर्गण, ठाऊक असेल तर तिला ग्रहाच्या कल्पातील फेऱ्यांनी गुणून कल्पदिनांनी भागले असता झालेल्या फेऱ्या मिळतात, आणि बाकीला क्रमाने १२, ३०, ६० आणि ६० यांनी गुणून भागत गेल्यास राशी, अंश, कला आणि विकला निघतात. सर्वांत शेवटी जी बाकी उरते तिला विकलाशेष म्हणतात. भास्कराचार्यांनी विचारले, की फक्त हा विकलाशेष दिला, तर त्यावरून ग्रहाचे स्थान आणि अहर्गण दोन्ही सांगता येतील काय? त्यांचे उत्तर कुट्टकाचे आहे: ६० हा भाज्य, कल्पदिन हा हार आणि विकलाशेष ही शुद्धि, म्हणजे वजा करायची संख्या, मानल्यास लब्धि विकलांची आणि गुण कलाशेषाचा मिळतो, तोच कलाशेष पुढच्या पायरीची शुद्धि होतो, आणि असे एकेक पायरी चढत गेल्यास शेवटी कल्पातील फेऱ्या भाज्य होऊन गुणाच्या जागी अहर्गण येतो. एका बाकीवरून सारा काळ उलगडण्याची ही कल्पना मध्ययुगीन गणितातील अत्यंत देखण्या कल्पनांपैकी एक आहे, असे म्हणण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

ज्ञानराजाच्या ‘सिद्धान्तसुंदरा’ची मुख्य मूल्ये सूर्यसिद्धान्ताच्या पक्षाची आहेत, आणि त्या पक्षात महायुगातील १,५७,७९,१७,८२८ सावन दिवस व सूर्याच्या ४३,२०,००० फेऱ्या यांचा सामाईक विभाजक अवघा ४ निघतो, म्हणजे येथे संख्या फारशा लहान होत नाहीत आणि वल्लीवरचा भार वाढतो. ज्ञानराजाचा ग्रंथ भास्कराचार्यांच्या चौकटीतला असला तरी तो त्यांची री ओढीत नाही. पुराणांतील विश्वरचना आणि सिद्धान्तातील गोलाकार पृथ्वी यांची सांगड घालण्याचा त्याने प्रयत्न केला, काही ठिकाणी भास्कराचार्यांचे म्हणणे खोडले, आणि ऋतुवर्णनात आपले कवित्वही दाखविले. मुलगा चिंतामणी याने या ग्रंथावर ‘ग्रहगणितचिंतामणी’ ही टीका लिहिली. सूर्यदास मात्र वडिलांच्या ग्रंथापेक्षा भास्कराचार्यांकडे वळला. ‘सूर्यप्रकाश’ त्याने शके १४६० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी पूर्ण केला, त्यावरून त्याचा जन्म इ.स. १५०७ च्या सुमाराचा ठरतो. ‘गणितामृतकूपिका’ तीन वर्षांनी, शके १४६३ मध्ये, म्हणजे इ.स. १५४१ मध्ये झाली. कुट्टक हा विषय ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या दोन्ही ग्रंथांत येत असल्यामुळे सूर्यदासाला त्याची उकल दोनदा करावी लागली. याच पंडिताने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले, ज्याचे श्लोक सरळ वाचले असता रामकथा आणि उलट वाचले असता कृष्णकथा निघते. वल्ली खालून वर वाचणाऱ्या गणितज्ञाने असे काव्य रचावे यात नवल नाही. एकच मांडणी दोन दिशांनी अर्थपूर्ण होते याचा आनंद त्याला दोन्हीकडे मिळाला असावा.

हे ग्रंथ शांततेच्या काळात लिहिले गेले नव्हते. बहमनी राज्य मोडत असताना पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती, आणि फरिश्त्याच्या इतिहासाप्रमाणे अहमदनगरच्या निझामशाही घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातील असल्याने त्या घराण्याने हे गाव वारसा म्हणून मागितले, इ.स. १५१८ च्या सुमारास बुऱ्हाण निझामशहाने ते घेतले, वऱ्हाडकरांनी परत मिळविले, आणि दशकभराच्या आतच ते पुन्हा अहमदनगरकडे गेले. सूर्यदासाचे बालपण आणि तारुण्य याच धामधुमीत गेले. दोन सुलतानांच्या वादाचा विषय झालेल्या गावात बीजगणितावर शांतपणे टीका लिहिली जाते, ही वस्तुस्थिती त्या काळच्या विद्याव्यवहाराविषयी राजकीय बखरींहून अधिक सांगते: विद्या घराण्यांत आणि गुरुशिष्यांत टिकून होती, आणि गावाचा धनी बदलला तरी पाठ थांबत नव्हता.

गोदावरीच्याच उत्तर तीरावर गोलग्राम या गावी दुसरे एक ज्योतिषी घराणे नांदत होते. तेथील दिवाकर हा कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा शिष्य; त्याची मुले विष्णू, कृष्ण, मल्लारी, केशव आणि विश्वनाथ ही सारी ज्योतिषी निघाली, कुटुंब काशीस गेले, आणि त्याच वंशातील कमलाकराने १६५८ साली ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. या विष्णूकडे शिकलेला, मूळच्या विदर्भातील दधिग्रामच्या घराण्यातला कृष्ण दैवज्ञ याने इ.स. १६०० च्या सुमारास भास्करी बीजगणितावर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली, आणि तीत कुट्टकाची उपपत्ती, म्हणजे युक्तिवादाने केलेली सिद्धता, विस्ताराने दिली. तिचा गाभा वरच्याच संख्यांनी समजून घेता येतो: २२१ आणि १९५ यांना जो विभाजक निःशेष भागतो तो त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे २६ ला, भागल्यावाचून राहू शकत नाही, आणि उलट १९५ व २६ यांना जो भागतो तो त्यांच्या बेरजेला, म्हणजे २२१ ला, भागतोच, म्हणून संख्यांची जोडी बदलली तरी सामाईक विभाजक बदलत नाही, आणि जोडी लहान होत होत एक जण दुसऱ्याला निःशेष भागू लागतो तेथे तो आपोआप उघडा पडतो. युक्लिडचा युक्तिवादही मुळात हाच आहे. ‘मूलतत्त्वां’चे संस्कृत रूपांतर जगन्नाथ सम्राटाने सवाई जयसिंहाच्या आश्रयाने, अरबी पाठावरून, अठराव्या शतकात केले, हे ध्यानात घेतले तर कृष्ण दैवज्ञाची सिद्धता त्यापूर्वी शंभरावर वर्षे झालेली आहे.

तरीही कुट्टक रोजच्या व्यवहारातून मागे पडला, आणि तो मागे पाडण्यात गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’चा मोठा वाटा आहे. शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० च्या आरंभाचे हे करण, म्हणजे जवळच्या एका वर्षापासून गणित सुरू करणारे सोपे पुस्तक, ज्यात कल्पाच्या अहर्गणाऐवजी ४,०१६ दिवसांची, सुमारे अकरा वर्षांची चक्रे कल्पून संख्या लहान ठेवल्या आहेत. पंचांगकर्त्यांना यापेक्षा अधिक काही नको होते, त्यामुळे महाराष्ट्रात शतकानुशतके ‘ग्रहलाघवा’वरूनच पंचांगे होत राहिली. ज्या गणेशाने कुट्टकाची नित्य गरज संपविली, त्यानेच इ.स. १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही उपपत्तींनी समृद्ध टीका लिहिली, आणि सूर्यदासाची ‘गणितामृतकूपिका’ तिच्या अवघी चार वर्षे आधीची आहे. उपयोग उतरणीला लागला असताना समज सर्वांत खोल गेली, असा हा काळ आहे. आणि त्याचे श्रेय पोथीचा अर्थ लावीत बसलेल्या टीकाकारांना आहे, ज्यांना नव्या शोधांच्या इतिहासात फारसे स्थान मिळत नाही.

१८१७ साली हेन्री टॉमस कोलब्रुकने लंडनमध्ये ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या अंकगणित-बीजगणिताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ सूत्रांचा अर्थ लावण्यासाठी त्याने गणेश, कृष्ण आणि रंगनाथ यांच्याबरोबर सूर्यदासाच्याही टीकांचा आधार घेतला. युरोपातील वाचकांना भारतीय कुट्टक कळला, तो अशा रीतीने काही अंशी पार्थपूरच्या पोथीतून. त्या सुमारास परभणीचा मुलूख निझामाच्या राज्यात होता. पुढे त्या राज्यातील सरकारी शाळांत उर्दू माध्यमाचे वर्चस्व राहिले, आणि उर्दू गणितात सामाईक विभाजकांतील सर्वांत मोठ्याला आद-ए-आझम म्हणतात. त्या परंपरेची मुळे युक्लिडच्या अरबी पाठात आहेत. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले आणि भाषावार प्रांतरचनेनंतर मराठवाडा मराठी राज्यात आला, तसे जिल्ह्यातील मुलांच्या पाटीवर मसावि आला, भागाकाराच्या पद्धतीसह. पार्थपूरची परंपरा मात्र या शिक्षणात कोणत्याच वाटेने शिरली नाही.

शाळेतील भागाकाराची पद्धत युक्लिडची असल्याने तीत शेवटचा भाजक उचलला, की वरचे सारे भागाकार पुसले जातात. परंतु संगणकावरील गुप्त संदेशांसाठी १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी मांडलेल्या पद्धतीत उकलण्याची किल्ली बनवताना अशी संख्या शोधावी लागते, जिने दिलेल्या संख्येला गुणून एका मोठ्या हाराने भागले असता बाकी १ उरेल. आणि ती शोधण्याची रूढ रीत म्हणजे परस्पर भागाकार करून लब्धी जपणे आणि त्यांच्या आधाराने परत फिरणे. क्षेप १ धरून केलेले हे गणित भास्कराचार्यांनी स्थिर कुट्टक या नावाने स्वतंत्रपणे सांगितले आहे, कारण एकदा क्षेप १ चे उत्तर मिळाले की त्याला हव्या त्या क्षेपाने गुणून दुसरी सर्व उत्तरे काढता येतात. ‘सूर्यप्रकाशा’चा कुट्टकासह काही भाग २००१ साली बडोद्याहून संपादित होऊन प्रसिद्ध झाला, आणि ‘सिद्धान्तसुंदरा’चे इंग्रजी भाषांतर २०१४ साली अमेरिकेतून. पाथरीच्या या पितापुत्रांचे गणित मराठी विवेचनासह वाचता यावे, हे काम अजून हाती घेण्यासारखे आहे.